विमानं तीच, जेवण त्याच किचनमधलं. मग ठरावीक एअरलाइन्सच का लक्षात राहतात?

अनघा_सातारा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढते.

विमान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून दोन, बोईंग आणि एअरबस. सीट बनवणारेही जगात थोडेच. विमानतळ सगळ्यांना सारखाच, सिक्युरिटीची रांगही तीच. मुंबईहून सुटणाऱ्या कितीतरी परदेशी विमानांतलं जेवण ताजसॅट्ससारख्या एकाच फ्लाइट किचनमधून जातं. इकॉनॉमीत पाय ठेवायची जागा इंच-दोन इंच इकडेतिकडे. तरी दरवर्षी 'उत्तम सेवा' म्हटलं की तीच चार-पाच नावं येतात: सिंगापूर, कतार, एमिरेट्स, जपानच्या दोन्ही (एएनए आणि जेएएल). बाकीच्यांना हे जमत का नाही? कच्चा माल तर सगळ्यांकडे एकच आहे.

पुरस्कारांच्या याद्या सोडून सांगा. तुम्हाला काय अनुभव आला, आणि त्यामागचं कारण काय वाटतं?

फुकटचंबू

पैसा. धागा बंद करा आता.

वाकडेवळण

फुकटचंबू, पैसा हे उत्तर असतं तर किंगफिशर आज उडत असती. २००५ मध्ये सुरू झाली, प्रत्येक सीटला स्क्रीन, हसतमुख स्वागत, जेवण झकास, आणि २०१२ मध्ये जमिनीवर. तिथली सेवा उत्तम होती हे कुणीही सांगेल. पण पगार थकलेल्या माणसाने किती दिवस हसायचं?

जेटचंही तेच. १९९३ ते एप्रिल २०१९. शेवटी कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन् महिने अडकले होते, तरी शेवटपर्यंत नीट वागले बिचारे. सेवा चांगली म्हणजे कंपनी चांगली, असं समीकरण नाही.

बोरीबंदर

वाचतोय. पॉपकॉर्न आणलेत.

रनवे२७

सिंगापूरचं कारण मला भूगोलात दिसतं. १९७२ मध्ये मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स फुटली. मलेशियाकडे देशांतर्गत मार्ग राहिले. सिंगापूरच्या वाट्याला एक शहर आणि एक विमानतळ. एकही देशांतर्गत फ्लाइट नाही! म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रत्येक तिकीट परदेशी कंपन्यांशी झुंजून विकायचं. त्यात पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्पष्ट सांगितलेलं की देशाची शान म्हणून ही चालवायची नाही, तोट्यात गेली तर बंद करू. 'आपलीच आहे, जातील कुठे' हा आधारच नव्हता.

दुसरी गंमत आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची. त्या काळी भाडी आयाटा ठरवायची, आणि इकॉनॉमीत काय वाढायचं तेसुद्धा. १९५८ मध्ये अटलांटिकवर इकॉनॉमीला फक्त सँडविच द्यायचं असा नियम होता. युरोपियन कंपन्यांनी 'सँडविच'च्या नावाखाली भरगच्च ताटंच वाढायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पॅनअ‍ॅमने तक्रार केली, आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला, म्हणजे एसएएसला, २० हजार डॉलर दंड झाला. सत्तरच्या दशकात सिंगापूर एअरलाइन्स आयाटाच्या बाहेर होती. तिने इकॉनॉमीतही ड्रिंक्स, हेडफोन आणि जेवणात निवड फुकट दिली. बाकीच्यांना इच्छा असली तरी हात बांधलेले.

फुकटचंबू

सँडविचवरून दंड? आमच्या हापिसच्या कँटीनला हा नियम लावा, ते दोन्ही बाजूंनी दोषी ठरतील.

नानासाहेब_दादर

सिंगापूर-सिंगापूर ठीक आहे, पण त्याआधी आपली एअर इंडिया होती हे नव्या पिढीला माहीत तरी आहे का?

८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. बॉबी कूका आणि उमेश राव यांचा महाराजा, एअर इंडियाचं ते बोधचिन्ह, १९४६ पासूनचा. १९५३ मध्ये सरकारीकरण झालं तरी जेआरडी टाटा अध्यक्ष राहिले, थेट १९७८ च्या फेब्रुवारीपर्यंत. ते स्वतः प्रवासी म्हणून बसायचे आणि उतरल्यावर टिपणं धाडायचे. चहाचा रंग कॉफीपासून ओळखू येत नाही, अमुक सीट पुरेशी मागे जात नाही, असं बारीकसारीक. अध्यक्षच चहाचा रंग बघतो म्हटल्यावर खालचा माणूस कप विसळून घेणारच.

माझं उत्तर हे: मालकाची नजर. १९७८ नंतर ती नजर गेली, आणि पुढचं तुम्ही पाहिलंतच.

खाडीपल्याड

नानासाहेब, मान राखून थोडं वेगळं बोलतो. तुम्ही म्हणता त्या काळात विमानाने कोण जायचं? साहेब, डॉक्टर, उद्योगपती. त्यांची सेवा उत्तम होती, कबूल.

आम्ही रत्नागिरीकडची माणसं. आमच्या घरातून पहिला गल्फला गेला तो मोठा भाऊ, फिटर म्हणून. त्या रात्रीच्या विमानांत मागच्या रांगांशी कसं बोललं जायचं ते मी पुढे स्वतः अनुभवलंय. नाव घेत नाही, एकाच कंपनीची ही खोड नव्हती. पुढे 'सर, व्हॉट वुड यू लाइक', आणि विसाव्या रांगेनंतर 'व्हेज की नॉनव्हेज, जल्दी बोलो'. ब्लँकेट मागितलं तर 'खतम'. सगळं विमान कामगारांचं असलं की हे जास्तच.

म्हणून माझी कसोटी एकच: ज्याला इंग्रजी येत नाही, उतरताना भरायचं कार्ड लिहिता येत नाही, त्याच्याशी क्रू कसा वागतो. एकदा एका परदेशी कंपनीच्या विमानात, दुबईच्या वाटेवर, एका मुलीने गुडघ्यावर बसून शेजारच्या चाचांचं कार्ड भरून दिलं. मध्येच मागून कुणीतरी वाइनसाठी बेल वाजवली. ती 'दोन मिनिटं' म्हणाली आणि कार्ड पूर्ण करूनच उठली. तिथे जेवणात काय होतं ते मला आठवत नाही.

आणि एअर इंडियाचं ऋणही सांगतो. १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा भाऊ तिथेच होता. बगदादमार्गे अम्मानपर्यंत रस्त्याने, आणि तिथून एअर इंडियाने मुंबई. एक लाखाहून जास्त माणसं आणली त्यांनी त्या दोनेक महिन्यांत. विमानात काय मिळालं विचारल्यावर भाऊ म्हणतो, 'पाणी मिळालं, आणि मुंबई मिळाली.' तेव्हा शिव्याही मी देणार आणि हातही मीच जोडणार.

मधुरा_टोरांटो

खाडीपल्याड, प्रतिसाद फार आवडला.

नानासाहेब_दादर

खाडीपल्याड, मुद्दा मान्य. मी पुढच्या रांगांतूनच पाहत होतो.

गॅलीवाली

बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, आता सोडलंय. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

प्रवाशाला वाटतं आम्हाला ट्रेनिंगमध्ये हसायला शिकवतात. त्यातला मोठा भाग आग, धूर, दरवाजे, स्लाइड, पाण्यात उतरणं, सीपीआर यांचा असतो. वाढणं शिकायला वेळ लागत नाही. भारतात नियम आहे, साधारण ५० सीटमागे एक क्रू. १८० सीटच्या विमानात चार जणी. पुणे-दिल्ली दोन तास, त्यातून चढण-उतरण वजा केली की हाती तास-सव्वा तास. तेवढ्यात गरम जेवण, चहा, कचरा. हसू कुठून आणायचं? लांब पल्ल्याच्या चांगल्या कंपन्या किमान आकड्यापेक्षा जास्त क्रू ठेवतात, हा पहिला फरक. म्हणजे फुकटचंबू अर्धे बरोबर आहेत.

दुसरा फरक पैशाचा नाही, अधिकाराचा. समजा, प्रवाशाची सीट मोडकी निघाली आणि पुढे बिझनेसमध्ये जागा रिकामी आहे. काही ठिकाणी केबिनची मुख्य तिथल्या तिथे ठरवते आणि नंतर कागदावर नोंदवते. आमच्याकडे विचारायचं कुणाला हेच ठरलेलं नसायचं, आणि उतरल्यावर 'का दिली?' म्हणून खुलासा मागायचे. मग माणूस 'सॉरी सर' म्हणायला शिकतो. ते सॉरी खोटं नसतं, पण त्याचा उपयोगही नसतो.

हसणं बघायचं तर टेकऑफनंतर बघू नका. विमान चार तास लेट आहे, लहान मुलं रडतायत, तेव्हा बघा.

ओस्लोकर

गॅलीवाली यांच्या अधिकाराच्या मुद्द्याला माझ्याकडून दुजोरा. मी नॉर्वेत असतो. मघाशी ज्या एसएएसला दंड झाल्याचं आलं, तिथेच १९८१ मध्ये यान कार्लझोन प्रमुख झाले. कंपनी तोट्यात होती. त्यांचा हिशोब असा: वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण पाच कर्मचाऱ्यांशी, प्रत्येक भेट सरासरी १५ सेकंदांची. म्हणजे वर्षाला पाच कोटी वेळा कंपनी प्रवाशापुढे उभी राहते, आणि तिथे साहेब नसतो, काउंटरवरची मुलगी असते. म्हणून निर्णय तिच्या हाती द्या. कंपनी लवकरच नफ्यात आली. पण नंतरच्या काळात एसएएस पुन्हा अडचणीत आली तेही सांगतो, नाहीतर एखाद्या मॅनेजमेंट गुरूचं भाषण वाटेल.

चिकित्सक_म

सगळे भावनिक झालेत. मला कुणी गुडघ्यावर बसून कार्ड भरून द्यायला नको. मला ७:१० चं विमान ७:१० ला हवंय. तीच सेवा. बाकी साडी, अत्तर, गरम टॉवेल हा मेकअप.

इंडिगोने हेच केलं ना? २००६ मध्ये सुरुवात केली ती एकाच प्रकारची विमानं घेऊन, गरम जेवण नाही, जिन्याऐवजी उताराचा रॅम्प, म्हणजे आजी-आजोबाही चालत चढतात आणि विमान लवकर भरतं. लोकांनी मतं दिली, देशातला अर्ध्याहून जास्त बाजार त्यांच्याकडे गेला.

वाकडेवळण

आणि पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचं नियोजन कोलमडलं आणि हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा? विमानतळांवर बॅगांचे डोंगर होते. वेळेवर येणारी सेवा वेळ चुकली की काय करते, हाही सेवेचाच भाग.

चिकित्सक_म

ते मान्य आहे. पण मग तुमची हसरी अमेरिकन साउथवेस्टही घ्या. १९७१ पासून प्रवाशांची लाडकी, विनोदी अनाउन्समेंट, दोन बॅगा फुकट (तेही मे २०२५ मध्ये बंद केलं). डिसेंबर २०२२ मध्ये वादळ आलं, क्रूचं वेळापत्रक लावणारं जुनं सॉफ्टवेअर बसलं, सोळा हजारांहून जास्त उड्डाणं रद्द. स्वतःचा क्रू कुठल्या गावात आहे हे कंपनीलाच कळेना. सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोकला. तिथला क्रू प्रेमळच होता. प्रेमाने विमान उडत नाही.

रनवे२७

चिकित्सक आणि गॅलीवाली एकच गोष्ट दोन टोकांनी सांगताय असं वाटतं. जपानचं उदाहरण घ्या. २ जानेवारी २०२४, हानेदा. जेएएलचं ५१६ उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातले सहापैकी पाच जण गेले. पण जेएएलच्या विमानातले सगळे ३७९ वाचले. आतली अनाउन्समेंट यंत्रणा बंद पडली होती, क्रूने मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर काम केलं. आठपैकी तीनच दरवाजे वापरण्यासारखे होते. मागचा दरवाजा तर कॉकपिटशी संपर्क होत नसताना तिथल्या क्रूने स्वतःच्या निर्णयाने उघडला. आणि प्रवाशांनी बॅगा सोडल्या! आपल्याकडे चाक टेकायच्या आत वरचा कप्पा उघडतात.

हीच कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली होती. एप्रिल २०२४ पासून तिच्या अध्यक्ष आहेत मित्सुको तोत्तोरी. त्यांची सुरुवात १९८५ मध्ये केबिन अटेंडंट म्हणूनच झाली.

गॅलीवाली

मागच्या दरवाजाचं वाचलं तेव्हा मी आधी नवऱ्याला आणि मग जुन्या बॅचच्या ग्रुपवर सांगितलं. परवानगीची वाट बघत बसली असती तर? ज्या कंपनीत ब्लँकेट द्यायलाही विचारावं लागतं, तिथे हा दरवाजा कोण उघडेल सांगा.

फुकटचंबू

गंभीर वातावरणात एक शंका. व्हेज जेवण आधी येतं म्हणून मी तिकीट काढताना सरळ एव्हीएमएल (शाकाहारी जेवणाचा कोड) टाकतो. यंदा बायकोनेही टाकलं, आणि आमच्या दोघांचं संपेपर्यंत आख्ख्या विमानाला जेवण नाही. सगळे आमच्याकडे बघतायत. बटाटा घशाखाली उतरेना.

मधुरा_टोरांटो

हसून हसून पुरेवाट! व्हीजेएमएल (जैन) मागवून बघा, कांदा-लसूण नाही पण बऱ्याचदा ताजं असतं. आणि एचएनएमएल म्हणजे हिंदू नॉनव्हेज, हे आमच्या सासऱ्यांना कळल्यापासून ते व्हेज मागवत नाहीत.

रनवे२७

अवांतर: जेवण बेचव लागण्यात किचनचा दोष नेहमीच नसतो. वर आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, नाक सुकतं, खारट आणि गोड चव कमी लागते. टोमॅटोत असते त्या उमामी (खमंग) चवीला फारसा धक्का बसत नाही, म्हणून एरवी तोंडही न लावणारे विमानात टोमॅटो ज्यूस मागतात. नव्या ७८७ सारख्या विमानांत केबिनमधला दाब सुमारे ६ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, जुन्यांत तो ८ हजारांइतका असायचा. उतरल्यावर कमी थकवा वाटतो, आणि श्रेय क्रूला जातं.

कोकणकडा

सगळे हवेतच आहात. खरी कसोटी जमिनीवर. आईवडिलांना अमेरिकेला पाठवताना व्हीलचेअर मागितली. मुंबईत मिळाली, मधल्या विमानतळावर एका बाकावर बसवून माणूस गेला तो गेला. दोघांना इंग्रजी जेमतेम. शेवटी एका गुजराती कुटुंबाने गेटपर्यंत नेलं. कंपनीला ईमेल केला तर 'युवर फीडबॅक इज इम्पॉर्टंट'.

चिकित्सक_म

इथे एक कटू बोलतो. आपल्या विमानांना व्हीलचेअरची मागणी प्रचंड असते आणि त्यातले बरेच जण तिकडे उतरल्यावर टुणटुणीत चालतात. मग ज्याला खरी गरज आहे त्याला मिळत नाही.

कोकणकडा

माझी आईही चालते. तिला व्हीलचेअर पायांसाठी नको होती, वाट दाखवायला माणूस हवा होता. 'सोबत माणूस' अशी सोयच बहुतेकांकडे नाही, म्हणून लोक खुर्ची मागतात. ती सोय थोडे पैसे घेऊन दिलीत तर निम्म्या खुर्च्या मोकळ्या होतील.

गॅलीवाली

कोकणकडा, अगदी. आणि हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत ८० वर्षांचे एक प्रवासी व्हीलचेअरवरच्या पत्नीसोबत इमिग्रेशनपर्यंत चालत गेले आणि कोसळले. दोघांनी मागितली होती, आली एकच. दुसरीसाठी थांबायला सांगितलं होतं असं एअर इंडियाचं म्हणणं होतं. विमान वाहतूक नियामक डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला.

मधुरा_टोरांटो

हक्कांचंही कुणीतरी लिहा. बरेच जण भांडतात, पण कशासाठी भांडायचं ते माहीत नसतं.

वाकडेवळण

थोडक्यात लिहितो. भारतात तिकीट कन्फर्म असून जागा नाही म्हणून उतरवलं, आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई: २४ तासांच्या आत पर्याय दिला तर मूळ भाड्याच्या दुप्पट (इंधन आकारासह), कमाल १० हजार. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २० हजार. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. जेवण, आणि सहा तासांहून जास्त असेल तर पर्यायी विमान किंवा परतावा.

युरोपात तीन तासांहून जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो, कंपनीची चूक असेल तर. गंमत बघा: मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्साने गेलात तर हा नियम लागू, एअर इंडियाने गेलात तर नाही. पण परतीला फ्रँकफर्टहून कुठल्याही कंपनीने निघा, लागू. तिथे सेवा सुधारण्यामागे संस्कार किती आणि ६०० युरो किती, हा प्रश्न मला पडतो.

नानासाहेब_दादर

बॅगांचंही बघा. २०२४ मध्ये आपल्याकडे आदेश निघाला, शेवटची बॅग ३० मिनिटांत पट्ट्यावर. तेव्हापासून मुंबईत फरक पडलाय. दंडुक्याचा गुण येतो.

फुकटचंबू

बॅगांवरून आठवलं, गणपतीनंतर मस्कतला जाताना मावशीने बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या. बॅग बाजूला काढली. बॉम्बसारखी तपासणी!

रनवे२७

हसू नका. सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. कुठेच नेऊ नका, मावशीला किसून चटणी करायला सांगा.

अनघा_सातारा

बापरे, दोन दिवस बघितलं नाही तर धागा खोबऱ्यापर्यंत पोचला!

सगळं वाचलं. अधिकाराचा मुद्दा मला सगळ्यात पटला. सीट बदलून देणारी, कार्ड पूर्ण करूनच उठणारी, मागचा दरवाजा उघडणारी, तिघींनी कुणाला विचारलं नाही. पण मग नव्या एअर इंडियाचं काय? जानेवारी २०२२ पासून पुन्हा टाटांकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांच्या भागीदारीतली विस्तारा त्यात विलीन झाली, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सचाही २५.१ टक्के वाटा. मालकाची नजर आहे, गुरूही घरात आहे. मग होईल का?

खाडीपल्याड

मागच्या रांगांत बसून सांगतो. पुढच्या महिन्यात जातोय.

चिकित्सक_म

विमान किती वाजताचं आहे तेही लिहा. आणि सुटलं किती वाजता तेही.